रव्याला मोहन घाला: गोव्यात नव्याने आलेल्यांसाठी एअर फ्रायरमधला बांगडा

गोव्यात नोकरीला आलात, नवा एअर फ्रायर घेतलात आणि पहिल्याच आठवड्यात त्यात रवा लावलेला बांगडा ठेवलात, तर बाहेर काय येणार ते मी आत्ताच सांगतो. वरचा रवा पांढराच्या पांढरा, दाताखाली मिरामारच्या वाळूसारखा करकरणारा. खालचं कातडं जाळीला चिकटलेलं. उलटायला गेलात की अर्धा बांगडा तुमच्या हातात आणि अर्धा जाळीत. आमच्याकडे त्या रात्री शेवटी अंड्याची पोळी झाली.

मी कराडकडचा. आमच्या घरी मासा म्हणजे कृष्णेतली वाम नाहीतर मरळ, तीही कुणी आणून दिली तर. चार वर्षांपूर्वी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि बिऱ्हाड फोंड्याला थाटलं. संध्याकाळी घरी पोचायला साडेसात होतात. बायकोही तेव्हाच येते. तव्यावर मासे तळायचे म्हणजे तेल उडणार, ओटा पुसायचा, शिवाय तव्यापुढे उभं राहायचं, आणि त्या वेळी दोघांच्याही अंगात तेवढा जीव उरलेला नसतो. म्हणून हा खटाटोप. सात-आठ वेळा फसल्यावर जे जमलं ते क्रमाने लिहितो आहे. नवख्यासाठी आहे. फोंड्याच्या बाजारात ज्याची हयात गेली त्याने वाचून हसू नये.

१. आधी यंत्र काय करतं ते समजून घ्या

नावात फ्रायर असलं तरी हे यंत्र काही तळत नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, आणि खाली जाळीचं भांडं. पंखा गरम वारा खाली ढकलतो आणि तो वारा पदार्थाभोवती फिरत राहतो. थोडक्यात, वारा सुटलेली छोटी भट्टी.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की ओल्या पदार्थावर हा वारा आधी पाणी वाळवण्यातच वेळ घालवतो आणि तोवर मासा आतून कोरडा पडतो. दुसरी, कढईत तेल चारी बाजूंनी रव्यात शिरतं, इथे ते आपोआप शिरत नाही. तुम्ही आधी लावाल तेवढंच. आमच्या पहिल्या बांगड्याचं जे झालं ते या दोन्हींमुळे.

आता प्लग. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. घरगुती एअर फ्रायर साधारण १४०० ते १५०० वॅटचे असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. साधा छोटा सॉकेट सहा अँपिअरचा. फ्रीज-गिझरला असतो तो जाड पिनांचा सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो. भाड्याच्या जुन्या घरात स्वयंपाकघरात तो एकच असतो आणि त्यावर फ्रीज बसलेला असतो. मी हुशारी करून हॉलमधून एक्स्टेन्शन ओढलं. तिसऱ्या दिवशी वायरचा वास आला आणि प्लगची पिन काळी पडलेली दिसली. इलेक्ट्रिशियन बोलावून ओट्याजवळ वेगळा पॉइंट काढून घ्या, घरमालकाला आधी विचारून.

यंत्राच्या मागे वीतभर मोकळी जागा ठेवा, गरम हवा तिथूनच बाहेर पडते. गॅसच्या शेगडीवर ‘तेवढ्यापुरता’ ठेवू नका. विजेच्या बिलाची धास्ती मात्र नको, १५०० वॅटचं यंत्र पंधरा मिनिटं चाललं तर अर्धं युनिटही जळत नाही.

२. जवळ काय काय हवं

यंत्र: चार ते साडेचार लिटरचं. त्यात दोन मध्यम बांगडे किंवा इसवणाच्या तीन फोडी बसतात. घरात चार खाणारे असतील तर दोन घाणे काढावे लागतील, आणि खरं सांगायचं तर मग तवाच बरा.

हत्यारं: धारदार सुरी, लाकडी किंवा सिलिकॉनचा पसरट उलथणा, तेल लावायचा ब्रश, जुन्या सुती पंचाचे दोन-तीन तुकडे. स्टीलचा झारा लांब ठेवा, जाळीवरचा लेप खरवडतो. डब्यातून फवारायचं तयार तेलही नको. त्यात तेलाशिवाय इतर घटक असतात, ते जाळीवर चिकट थर धरतात आणि लेप खराब करतात.

सामान: बारीक रवा, तांदळाचं पीठ, हळद, लाल तिखट, मीठ, आलं-लसूण, सोलां (म्हणजे आमसुलं) किंवा लिंबू, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल. तिखटासाठी इथली हरमलची किंवा खोल्याची मिरची मिळाली तर उत्तम, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. नसेल तर ब्याडगी चालते, रंगही छान देते.

खोबरेलाबद्दल वेगळं लिहितो. गोव्यात मासे खोबरेल तेलात तळतात आणि तो वास दुसऱ्या कशाला येत नाही. पण घाण्याचं खोबरेल साधारण पावणेदोनशे अंशांच्या आसपास धुरायला लागतं आणि आपण यंत्र लावणार दोनशेवर. म्हणून आत शेंगदाणा तेल आणि मासा बाहेर काढल्यावर वर चार थेंब कच्चं खोबरेल. वास हवा तेवढा येतो, डोळ्यांत धूर जात नाही.

३. मासा घेताना

आधी नावं. इथे सुरमईला इसवण किंवा विसवण म्हणतात, कोळंबीला सुंगटां, मुशीला मोरी. पहिल्या दिवशी मी ‘सुरमई आहे का’ विचारलं. मासेवालीने मला आपादमस्तक पाहिलं आणि भाव त्यानुसार सांगितला.

बांगडे बरेचदा किलोवर न विकता नगावर विकतात, शंभराला इतके. बारीक मासळीचे वाटे असतात. हंगाम, वार आणि समुद्राची लहर याप्रमाणे तो आकडा रोज बदलतो, म्हणून इथे भाव लिहीत नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे खायचे वार, तेव्हा गर्दी. सोमवारी, गुरुवारी बऱ्याच हिंदू घरांत नुस्तें, म्हणजे मासे, शिजत नाही. श्रावणात तर विचारूच नका.

एअर फ्रायरसाठी पहिल्यांदा बांगडाच घ्या. त्याच्या अंगात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली तरी तो कोरडा पडत नाही. इसवण चविष्ट, पण वेळ चुकली की कापसासारखा होतो. तो दुसऱ्या आठवड्यात. तारले छान होतात, पण इतके पटकन होतात की फोन घ्यायला गेलात तर गेले. बोंबील अजिबात नको, तो म्हणजे बहुतेक पाणीच. पापलेटाच्या वाटेला मी अजून गेलेलो नाही, एवढा महाग मासा प्रयोगाला वापरायची छाती होत नाही.

ताजा बांगडा ओळखायचा कसा? डोळा फुगीर आणि काचेसारखा. कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा. तपकिरी, चिकट असेल तर पुढच्या पाटीकडे सरका. पाठीवर बोट दाबलं की खड्डा लगेच भरून यायला हवा. पोट फुटलेलं नको. पाठीवरचे निळे-हिरवे पट्टे चमकत असले पाहिजेत. आणि वास समुद्राचा हवा, औषधाचा किंवा अमोनियाचा नको. २०१८ च्या पावसाळ्यात फॉर्मेलिनवरून गोव्यात मोठा गदारोळ झाला होता, तेव्हापासून इथली माणसं मासा नाकाला लावल्याशिवाय घेत नाहीत. तुम्हीही लाजू नका.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत पाट्यांवर दिसतो तो मासा पारंपरिक होड्यांचा, नदी-मानशीतला किंवा बर्फात घालून बाहेरून आलेला. विचारून घ्या. मानस म्हणजे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावरचं पाण्याचं दार. तिथल्या शेवट्याला मी बंदीच्या दिवसांत बांगड्याइतकाच मान देतो. शेवटो हा गोव्याचा राज्यमासा आहे, हे मला त्याचे दोन काटे घशात अडकल्यावर कळलं.

कापून देणाऱ्याकडे मासा दिला की ‘कापून दिवूं?’ एवढंच विचारतात. ‘हो’ म्हणून मोबाइल बघत उभे राहू नका, नाहीतर बांगड्याचे तीन तुकडे होतात. सांगायचं असं: बांगडा अख्खा, कल्ले आणि पोट साफ, डोकं तुमच्या आवडीने, दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरपे काप काट्यापर्यंत. इसवण असेल तर फोडी बोटाच्या जाडीच्या, सगळ्या सारख्या. एक जाड आणि एक पातळ असली की पातळ जळते आणि जाड कच्ची राहते. कापायचे पैसे वेगळे द्यावे लागतात, पण आठवड्याच्या मधल्या वारी ते दहा-वीस रुपये सोन्याचे.

एक इशारा गंभीरपणे. बांगडा, तारली ही मासळी उन्हात राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी येणं, असा त्रास त्याने होतो. सकाळी घेतलेला मासा स्कूटरच्या डिकीत ठेवून ऑफिसला जायचा विचार मी एकदा केला होता. करू नका. जाताना-येताना बाजार जमत नसेल तर रविवारी सकाळी घ्या, साफ करून दोन-दोनच्या पिशव्या बांधा आणि लगेच फ्रीझरला टाका. ज्या दिवशी करायचे त्याच्या आदल्या रात्री पिशवी खाली फ्रीजमध्ये उतरवा. ओट्यावर ठेवून वितळवू नका.

४. मीठ, आंबट आणि कोरडं करणं

घरी आल्यावर आधी हे. चप्पल काढली की मासा बाहेर.

धुवा. काळजीपूर्वक बघा, कण्याच्या कडेला रक्ताची काळी रेघ राहिलेली असते, ती नखाने काढा. वास तिचाच येतो. मग दोन बांगड्यांना पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, चमचाभर सोलांचं पाणी किंवा अर्ध्या लिंबाचा रस. कापांच्या आत बोट घालून चोळा. दहा मिनिटं ठेवा. अर्ध्या तासावर नको, आंबटाने मांस भुसभुशीत होतं.

बाटलीतलं कोकमाचं आगळ वापरत असाल तर मीठ निम्मं करा. आगळात मीठ असतंच. मला हे माहीत नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून पाण्याच्या तीन बाटल्या संपवल्या.

दहा मिनिटांनी ताटलीत पाणी सुटलेलं दिसेल. ते फेकून द्या आणि पंचाच्या तुकड्याने मासा टिपून घ्या. आतून, बाहेरून, कापांत, शेपटीजवळ. हात लावला तर किंचित चिकट लागला पाहिजे, ओला नाही. नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात, मीही केली. फडकं दोनदा बदलावं लागलं तर बदला.

मग मसाला: दीड चमचा लाल तिखट, चमचाभर आलं-लसूण वाटण, अर्धा चमचा तेल. पाण्याचा थेंबही नको. घट्ट लेप करून कापांमध्ये भरा आणि वरून पातळ पुसा.

५. रव्याला मोहन

हे माझ्या डोक्यातलं नाही. शेजारच्या काकींचं आहे. पांढऱ्या रव्याची तिसरी पाळी चालू होती तेव्हा त्या वाटी परत द्यायला आल्या. जाळीत बघितलं, एक बांगडा दोन बोटांत उचलला आणि बोटाने रवा झटकला. तो भुरभुर खाली पडला.

“अरे, तुझी आई नेवऱ्यांच्या पिठाला मोहन घालते की नाही?”

नेवरी म्हणजे आपली करंजी. घालते, म्हटलं.

“मग ह्या रव्याने काय पाप केलं?”

एवढं बोलून गेल्या. तव्यावर रव्याला तेल खालून मिळतं. इथे ते आधीच त्याच्या पोटात घालायचं. करा असं: चार मोठे चमचे बारीक रवा, एक मोठा चमचा तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तिखट. त्यावर दोन लहान चमचे तेल. मग दोन्ही तळव्यांत धरून रवा चोळायचा, पिठाला मोहन चोळतो तसाच. मुठीत दाबला तर मूठ वळली पाहिजे आणि अंगठ्याने ढकलल्यावर फुटली पाहिजे. रंग पांढऱ्याचा फिकट केशरी होतो, तिखटामुळे. बस, झालं.

जाड रवा घेऊ नका, तो भाजला जात नाही, फक्त कडक होतो. आणि बेसन किंवा मैद्याचं पातळ पीठ करून त्यात मासा बुडवून यंत्रात ठेवायचं तर मनातही आणू नका. ते जाळीतून गळतं, खाली साचतं आणि जळतं.

या रव्यात बांगडा दोन्हीकडून दाबा. हलक्या हाताने नको, तळव्याने नीट दाबा. जास्तीचा झटका. पाच मिनिटं तसाच ठेवा म्हणजे रवा धरतो. नेमक्या त्या पाच मिनिटांत यंत्र तापवायचं.

६. भाजणं

यंत्र २०० अंशांवर चार मिनिटं रिकामं तापवा. जाळीवर ब्रशने तेल फिरवा. तापलेल्या आणि तेल लावलेल्या जाळीला कातडं चिकटत नाही, गार जाळीला हमखास चिकटतं.

बटर पेपर वापरणार असाल तर मासा वर ठेवल्याशिवाय तो आत घालू नका. पंखा त्याला उचलतो आणि तो थेट कॉइलला जाऊन लागतो. अॅल्युमिनियमची फॉइलही टाळा; सोलां-लिंबाचं आंबट तिला लागलं की ती काळी पडते आणि चव लोखंडी येते.

मासे ठेवताना दोघांत बोटभर अंतर. वाऱ्याला वाट हवी. शेपट्या पातळ असतात, लवकर करपतात, म्हणून त्यांना तेलाचा एक हात जास्त.

वेळा माझ्या यंत्रावरच्या आहेत, तुमचं एक-दोन मिनिटं इकडेतिकडे होईल:

बांगडा, अख्खा, मध्यम: २०० अंश, ७ मिनिटं, उलटा, मग ४ ते ५ मिनिटं.
इसवणाची फोड, बोटभर जाड: १९० अंश, ५ मिनिटं, उलटा, मग ३ ते ४ मिनिटं.
तारले: २०० अंश, ६ ते ७ मिनिटं, उलटायची गरज नाही.
सुंगटां, सोललेली, मोठी: १९० अंश, ५ मिनिटं, मध्ये एकदा हलवा.

कुठलाही नवा मासा आला तर एक इंच जाडीला दहा मिनिटं धरून चला आणि आठव्या मिनिटाला उघडून बघा.

सातव्या मिनिटाला ड्रॉवर ओढाल तेव्हा काय दिसायला हवं? बांगड्याचा डोळा पांढरा, खडूसारखा झालेला. काप उघडून त्यातून मसाल्याची लाल कड दिसते आणि तिथे तेलाचे बारीक बुडबुडे चुरचुरत असतात. रवा गव्हाळ. कुठे पांढरा पॅच दिसला तर ब्रशने तिथे तेलाचा थेंब लावा आणि मगच उलटा. उलथणा शेपटीकडून न घालता पोटाच्या बाजूने पूर्ण खाली सारा.

झाला की नाही हे बघायला पाठीच्या सगळ्यात जाड भागात सुरीचं टोक काट्यापर्यंत घाला. मांस पांढरं आणि काट्यापासून सुटलेलं दिसलं की झाला. काट्याजवळ गुलाबी, अर्धपारदर्शक असेल तर आणखी दोन मिनिटं. अन्न तपासायचा थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश पुरेत.

बांगड्याची चरबी खाली गळून पांढरा धूर येऊ लागला तर घाबरू नका. जाळीखालच्या भांड्यात आधीच दोन-तीन चमचे पाणी घालून ठेवलं की येत नाही. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत तशी मनाई नाही ना, तेवढं बघा.

पावसाळ्यात मधेच लाईट गेली तर ड्रॉवर उघडू नका. पाच मिनिटांत आली तर जिथे थांबलं तिथून पुढे. आली नाही तर मासा तव्यावर घ्या. गॅस कशासाठी आहे?

७. रेशाद: रविवारचं काम, आठवडाभर आराम

रवा नको असेल त्या दिवशी रेशाद. पोर्तुगीजमधल्या ‘भरलेला’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं, म्हणून मसाला वर फासायच्या आधी आत भरायचा. मी रविवारी वाटून काचेच्या बरणीत ठेवतो, फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे सहज राहतो.

पंधरा-वीस ब्याडगी किंवा काश्मिरी मिरच्या, बिया काढून. दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं, अर्धा चमचा मिरी, चार-पाच लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, अर्धा चमचा हळद, चमचाभर साखर, मीठ. हे सगळं अर्धी वाटी माडाच्या व्हिनेगरमध्ये, म्हणजे शिर्क्यात, तासभर भिजवून वाटायचं. पाणी घातलंत तर आठवड्यात बुरशी. शिर्को नसेल तर साधं व्हिनेगर चालतं, पण ते जास्त टोकदार असतं, थोडं कमी घ्या.

बांगड्याच्या पाठीतून काट्याच्या दोन्ही बाजूंनी चिरून खिसे करा आणि त्यात मसाला भरा. वरून अगदी पातळ लेप. साखरेमुळे हा मसाला लवकर करपतो, म्हणून २०० ऐवजी १८० अंश, आणि एकूण बारा-तेरा मिनिटं. पहिल्यांदा मी दोनशेवरच ठेवला. बाहेर काळा कोळसा, आत चव अप्रतिम. बायकोने कातडं सोलून खाल्लं आणि काही बोलली नाही, त्यावरून काय ते समजलो.

८. बाकीचं ताट आणि घड्याळ

मासा बारा मिनिटांत झाला आणि भात तासाने, असं होऊ नये. गोव्याचे उकडे तांदूळ साध्या तांदळासारखे तीन शिट्ट्यांत होत नाहीत. ते सकाळी भिजवून जायचे किंवा मधल्या वारी सरळ साधा तांदूळ लावायचा. आमचं घड्याळ असं चालतं:

७.३५: मासा धुऊन मीठ-आंबट लावलं. तांदूळ कुकरला.
७.४५: मासा टिपला, मसाला भरला. रव्याला मोहन.
७.५०: मासा रव्यात. यंत्र तापायला लावलं.
७.५५: मासा आत. आता हात मोकळे. कांदा उभा चिरायचा, सोलकढी ढवळायची. नारळाचं दूध रोज काढायला कुणाला वेळ आहे. आम्ही आगळात पाणी, हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर घालून पातळ कढी करतो.
८.०२: उलटला.
८.०७: ताटात.

आदल्या दिवशीचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, उरलेलं असेल तर मजा आहे, शीत-कडी (आमटी-भात) आणि वर कुरकुरीत बांगडा. ते नसेल तर संध्याकाळच्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोई हा गोव्याचा पाव घेऊन ठेवा. त्याचा भोंपू ऐकू आला की जिना उतरायचा. पोईत बांगड्याचं काटे काढलेलं मांस, कांदा आणि लिंबू भरून खाल्लंत तर भाताची आठवणही येणार नाही.

मासा ताटात वाढल्यावर झाकून ठेवू नका. वाफेने रवा मऊ पडतो. जाळीच्या स्टँडवर ठेवा किंवा ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून त्यातच राहू द्या.

तव्यावरच्या रवा फ्रायची चव येते का? पंच्याऐंशी टक्के, असं माझं मत. काकींचं मत साठ टक्के. पण त्या गेल्या महिन्यात दुकानात किमती विचारून आल्या आहेत.

९. धुणं, वास आणि काटे

जेवण झाल्यावर लगेच, उद्यावर टाकलंत तर फसलात. यंत्राचा प्लग काढा, जाळी कोमट झाली की त्यात गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून वीस मिनिटं ठेवा. मऊ स्पंजने पुसलं की निघतं. तारेची घासणी नको. महिन्यातून एकदा यंत्र गार असताना उलटं करून वरची कॉइल ओल्या फडक्याने पुसा, तिथे उडालेली चरबी साचते आणि पुढच्या वेळचा धूर तिचाच असतो.

वास जात नसेल तर वापरलेल्या लिंबाच्या साली वाटीभर पाण्यात घालून ती वाटी जाळीत ठेवा आणि १५० अंशांवर पाच मिनिटं चालवा. वाटी स्टीलची घ्या, प्लास्टिकची नव्हे. हे लिहायची गरज वाटावी असं आमच्या घरी घडलेलं आहे.

काटे आणि डोकी ओल्या कचऱ्यात जातात, पण ती गाडी रोज येईलच असं नाही आणि गोव्याच्या दमट हवेत रात्रभरात घर घमघमतं. कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रीझरच्या कोपऱ्यात ठेवा आणि गाडी येईल त्या सकाळी बाहेर काढा. पिशवीवर ‘काटे’ असं मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या घरी पाहुण्यांनी एकदा ती बांगड्यांची पिशवी समजून रात्री खाली उतरवून ठेवली होती.